क्लॉक म्युटंट उंदीर जाड होतो ते जीनमुळे की अवेळी खाल्ल्यामुळे?

झूवाली_पोरगी

नमस्कार मंडळी, एमएस्सी झूलॉजी सेकंड इयरला आहे, पुढच्या गुरुवारी सेमिनार आहे आणि मी आगाऊपणा करून जैविक घड्याळ आणि मेटाबॉलिझम हा विषय घेऊन बसलेय. मुख्य पेपर २००५ चा आहे, सायन्स या जर्नलमध्ये आलेला, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या फ्रेड ट्यूरेक आणि जोसेफ बास यांच्या ग्रुपचा. थोडक्यात सांगायचं तर क्लॉक नावाच्या जीनमध्ये म्युटेशन असलेले उंदीर घेतले, दोन्ही कॉप्या बिघडलेले, तर ते जाड झाले, लिव्हरमध्ये चरबी साठली, कोलेस्टेरॉल ट्रायग्लिसराइड वाढले, शुगर वाढली. नॉर्मल उंदीर दिवसभराच्या खाण्यापैकी साधारण तीन चतुर्थांश रात्री खातो, हे लोक मात्र रात्री निम्म्याच्या थोडंसं वर आणि उरलेलं दिवसा, म्हणजे जेव्हा झोपायचं तेव्हा चरत बसतात. एकूण खातातही जास्त.

इथपर्यंत कळलं. पण काल मॅडमना दाखवलं तर त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि तिन्हीला मी गप्प. एक, उंदरांना १२ तास उजेड १२ तास अंधारात ठेवलं होतं, म्हणजे वेळ तर बाहेरचा दिवाच सांगतोय, मग आतलं घड्याळ बिघडलं काय नि नाही काय, फरक का पडावा? दोन, जास्त खाल्लं, अवेळी खाल्लं, म्हणून जाड झाला, यात जीनचा थेट संबंध काय? आणि तिसरा तर फारच अडचणीचा, की जाड उंदरात इन्सुलिन वाढलेलं असतं ना, मग इथे शुगर जास्त असून इन्सुलिन कमी कसं? पेपरमध्ये तसं लिहिलंय खरं, मी वाचलंही होतं, पण त्यात विचित्र काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जाणकारांनी प्लीज मदत करा, सोप्या भाषेत.

---

गोट्या०७

आमच्या घरातले उंदीर दिवसा पण खातात रात्री पण खातात आणि बारीकच्या बारीक. त्यांच्यावर पेपर लिहा कोणीतरी.

---

पिंजरा_नंबर_१४

पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, पीएचडीची चार वर्षं अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेलीत, मक्याच्या कणसाच्या भुशाचा वास अजून नाकातून गेलेला नाही.

आधी हा उंदीर आला कुठून ते माहीत असू दे, सेमिनारला उपयोगी पडेल. नॉर्थवेस्टर्नमध्येच जोसेफ ताकाहाशी यांनी ईएनयू नावाचं केमिकल देऊन उंदरांच्या जीन्समध्ये कुठेही रँडम म्युटेशन होऊ दिली आणि मग त्यांची पिल्लं एकेक करून अंधारात चाक देऊन ठेवली. उंदीर उठला की चाकावर पळतो, चाकाचा एकेक फेरा कॉम्प्युटर मोजतो, बस्स. तीनशेच्या वर पिल्लं तपासली आणि त्यात एक असं निघालं की ज्याचा दिवस २४.८ तासांचा होता. आता तुला वाटेल त्यात काय मोठं, पण या जातीच्या उंदरांचं घड्याळ इतकं एकसारखं चालतं की एवढा फरक म्हणजे फारच झाला. हे १९९४ मध्ये छापून आलं आणि १९९७ मध्ये जीन हाती लागला. नाव क्लॉक ठेवलं, त्याचं लांबलचक फुलफॉर्म पण ओढूनताणून बसवलंय, सर्केडियन लोकोमोटर आउटपुट सायकल्स कापूट. कापूट म्हणजे जर्मनमध्ये मोडकं. मी पहिल्यांदा कपूत वाचलं होतं आणि मला ते जास्त बरोबर वाटलं होतं.

आता अ‍ॅक्टोग्राम. कागदावर एक ओळ म्हणजे एक दिवस, उंदीर पळाला तिथे काळा पट्टा, दुसरा दिवस त्याच्याखाली, तिसरा त्याच्याखाली. दिवा चालूबंद होत असेल तर पट्टे एकाखाली एक सरळ येतात, विटा रचल्यासारखे. मग दिवा कायमचा बंद करायचा. साध्या उंदराचं आतलं घड्याळ २४ पेक्षा जरासं कमी, २३.७ वगैरे, म्हणून तो रोज पंधरावीस मिनिटं आधी उठतो आणि पट्टे हळूहळू डावीकडे सरकायला लागतात. एक कॉपी बिघडलेला उजवीकडे सरकतो. आणि दोन्ही बिघडलेला असेल तर त्याचा दिवस २७-२८ तासांचा, रोज तीनचार तास उशिरा, पट्टे नुसते पळत सुटतात उजवीकडे, आणि एकदोन आठवड्यांत पट्टाच फुटतो, कागदभर मुंग्या सांडल्यासारखे ठिपके राहतात. कधी पळतो कधी झोपतो काही ठिकाणा नाही. तो कागद मॅडमना दाखव, अर्धं काम तिथेच होतं.

तर तुझा प्रश्न, की दिवा आहे ना मग काय. दिवा वेळ सांगतो बरोबर, पण दिवा थेटही काम करतो, उंदराला उजेड नको असतो म्हणून तो दिवे लागले की बिळात शिरतो, घड्याळ चालू असो नसो. म्हणजे दोन्ही कॉप्या बिघडलेला उंदीरसुद्धा दिव्याच्या जोरावर कसंबसं जमवून घेतो, वरवर पाहिलं तर रात्रीच जास्त पळतोय असं दिसतं. पण पोटाला दिवा दिसत नाही ना! लिव्हर, स्वादुपिंड, चरबी या सगळ्या पेशींत तेच घड्याळ आहे, त्याच जीन्सचं, आणि ते आतून बंद आहे. बाहेर भोंगा वाजतोय पण कारखान्यातली मशीनच बंद असं समज.

अवांतर: अंधारातले पिंजरे साफ करायचे असतात तेव्हा मिणमिणता लाल दिवा वापरायचा, उंदरांना लाल फारसा दिसत नाही, आणि साफसफाईची वेळ रोज एकच ठेवायची नाही, कधी सकाळी कधी रात्री, नाहीतर उंदीर आमच्या येण्याजाण्यावरून वेळ ओळखायला लागतात. एकदा आमच्याकडे नवीन आलेल्या माणसाने अंधाराच्या खोलीत जाऊन नेहमीच्या सवयीने ट्यूबलाइट लावली, वीसेक मिनिटं असेल. उंदरांच्या हिशेबाने तेव्हा नुकती कुठे रात्र झालेली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे पट्टे तास दीड तास उशिरा, चौदाच्या चौदा पिंजरे. दोन महिन्यांचा डेटा गेला. रडायचं बाकी होतं.

---

निवृत्त_बायोकेमिस्ट

वरचा प्रतिसाद छान. मी दुसरा आणि तिसरा प्रश्न घेतो कारण ते खरं म्हणजे एकच आहेत.

आधी म्युटेशन नेमकं काय ते बघ, कारण इथेच बरेच जण घसरतात. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रोटीन्स जोडीने डीएनएवर बसतात आणि पर आणि क्राय नावाचे जीन्स चालू करतात. पर आणि क्रायची प्रोटीन्स साठत गेली की ती परत येऊन या जोडीलाच गप्प करतात, मग ती स्वतः हळूहळू नष्ट होतात, जोडी मोकळी होते, पुन्हा सुरू. एका फेऱ्याला साधारण २४ तास. आता या उंदरात एकच अक्षर बदललंय, पण अशा जागी की जीनचा १९ नंबरचा तुकडा वाचलाच जात नाही आणि प्रोटीनमधून ५१ अमिनो अ‍ॅसिड गळतात. हे कापलेलं प्रोटीन बीमॅलशी जोडी जमवतं, डीएनएवरही जाऊन बसतं, फक्त काम करत नाही. सरकारी ऑफिसात खुर्ची अडवून बसलेला माणूस बघितलायस ना, तो.

आणि याची गंमत अशी की २००६ मध्ये दुसऱ्या एका ग्रुपने क्लॉक जीन पूर्णच काढून टाकला तर उंदीर अंधारातसुद्धा बऱ्यापैकी वेळेवर पळत राहिला! कारण खुर्ची रिकामी झाल्यावर मेंदूत तिथे एनपास-२ नावाचा नातेवाईक येऊन बसतो आणि काम चालवून घेतो. म्हणजे म्युटेशन आणि नॉकआउट एक नव्हे. सेमिनारमध्ये "क्लॉक जीन नसलेले उंदीर" असं चुकूनही म्हणू नकोस, २००५ च्या पेपरातल्या उंदरात जीन आहे, प्रोटीन आहे, आणि तेच नडतंय.

आता मॅडमचा दुसरा प्रश्न, की सगळं खाण्यामुळेच तर नाही ना. हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि नुसत्या २००५ च्या पेपरवरून त्याचं उत्तर देता येत नाही. त्या उंदराच्या शरीरातली प्रत्येक पेशी बिघडलेली आहे, मेंदू पण, मग दोष कुणाचा कसं ठरवणार? म्हणून पुढे लोकांनी एकेका अवयवातलं घड्याळ काढून बघितलं. त्यासाठी बीमॅल-१ सोयीचा, कारण त्याच्या खुर्चीवर बसायला कोणी येत नाही, तो गेला की घड्याळ गेलंच.

२००८ मध्ये फक्त लिव्हरमधला बीमॅल काढला. उंदीर वेळेवर उठतो, वेळेवर खातो, जाड नाही. पण विश्रांतीच्या वेळी, म्हणजे पोट रिकामं असतं तेव्हा, त्याची शुगर खाली जाते, कारण त्या वेळी लिव्हरने साखर बाहेर सोडायला हवी ती सोडत नाही. २०१० मध्ये बास यांच्याच ग्रुपने नेचरमध्ये दाखवलं, फक्त स्वादुपिंडातला बीमॅल काढला. पुन्हा तेच, पळणं नॉर्मल, खाण्याची वेळ नॉर्मल, वजन नॉर्मल. आणि शुगर? वर. चक्क डायबेटीस. आणि इन्सुलिन कमी!

हे दोन्ही शेजारी ठेवून बघ. जीन तोच, एका अवयवातून काढला तर साखर पडते, दुसऱ्यातून काढला तर चढते. लिव्हरचं घड्याळ उपाशी वेळची साखर सांभाळतं आणि स्वादुपिंडाचं जेवणाच्या वेळची. दोन्ही एकदम बंद केलीस तर एकाचा बिघाड दुसऱ्याला काही प्रमाणात झाकतो, म्हणूनच सगळं शरीर बिघडलेल्या उंदराकडे बघून काही नीट उमगत नाही.

आता तिसरा प्रश्न आपोआप सुटतो. साधा उंदीर जाड झाला की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग स्वादुपिंड अजून अजून सोडत बसतं, म्हणून इन्सुलिन वाढलेलं दिसतं. क्लॉक म्युटंटमध्ये वाढवायची गरज आहे पण सोडणारी पेशीच लंगडी. २०१० च्या पेपरात तर असं दिसलं की बीमॅल काढलेल्या बीटा पेशींत, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत, इन्सुलिनचा साठा असतो, बनत नाही असं नाही, पण पेशीच्या बाहेर सोडण्याची जी अगदी शेवटची पायरी आहे तिथे अडतं. गोदाम भरलेलं आणि शटर उघडत नाही.

---

झूवाली_पोरगी

काका _/\_ दंडवत! खुर्ची अडवून बसलेला माणूस मी जसाच्या तसा स्लाइडवर टाकणारे. म्हणजे शुगरचा भाग जीनचा, हे सिद्ध झालं कारण स्वादुपिंडवाल्या उंदराचं खाणं नॉर्मल होतं. पण मग जाडीचं काय? तो उंदीर तर जाड झालाच नाही. म्हणजे जाडी खाण्यामुळेच ना?

---

निवृत्त_बायोकेमिस्ट

शाब्बास, बरोबर जागी बोट ठेवलंस. आता झोपतो, माझंही घड्याळ आहे. यावर पिंजरावाले सांगतील.

---

रात्रपाळीवाला

मधेच घुसतो, माफी असावी. मी सायन्सचा माणूस नाही, सात वर्षं रात्रीची शिफ्ट करतोय, बारा किलो वाढलो. डबा रात्री दोनला खातो. बायको म्हणते अवेळी खाता म्हणून वाढलं, मी म्हणतो बसून काम म्हणून. आणि आई म्हणते दिवस मावळायच्या आत जेवायचं, आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे त्यांचं उदाहरण देते. तर हे उंदरांचं संशोधन कोणाच्या बाजूने आहे?

---

पिंजरा_नंबर_१४

@रात्रपाळीवाला दादा, आधी एक लक्षात घ्या की उंदीर निशाचर. उंदरांच्यात आजी असती तर म्हणाली असती की दिवस उगवायच्या आत जेवून घे बाळा. त्यामुळे पेपरमध्ये "दिवसा खाल्लं म्हणून जाड" वाचलं की ते मनातल्या मनात उलटं करून वाचायचं.

आणि ताई, जाडीचं उत्तर दोन प्रयोगांत आहे. पहिला ट्यूरेक यांच्याच ग्रुपचा, २००९ चा. यात म्युटेशन काहीच नाही, साधे धडधाकट उंदीर, खाणं तूपकट, म्हणजे हाय फॅट. एका गटाला फक्त उजेडाच्या १२ तासांत खायला द्यायचं, दुसऱ्याला फक्त अंधाराच्या. सहा आठवड्यांत झोपायच्या वेळी खाणारे सुरुवातीच्या वजनाच्या ४८ टक्के वाढले, योग्य वेळी खाणारे २० टक्के. आणि खाल्लेल्या कॅलरीत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे जीन शाबूत असून नुसती वेळ चुकवली तरी जाडी येते.

दुसरा प्रयोग मला स्वतःला जास्त आवडतो. कॅलिफोर्नियात साल्क इन्स्टिट्यूटमध्ये सच्चिदानंद पांडा आहेत, मूळचे ओडिशाचे. त्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की तेच तूपकट खाणं रात्रीच्या आठ तासांतच दिलं तर उंदीर तितक्याच कॅलरी खाऊनही जाड होत नाही, लिव्हर साफ राहतं. टाइम रिस्ट्रिक्टेड फीडिंग, आज जिममध्ये पोरं ज्याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणून सांगत फिरतात त्यातलं बरंचसं इथून सुरू झालंय. तेव्हा सगळ्यांना वाटलं की वेळेवर खाल्ल्याने घड्याळ जोरात चालतं आणि घड्याळामुळे फायदा होतो. मग २०१८ मध्ये त्याच लॅबने घड्याळच नसलेले उंदीर घेतले, एका गटात क्राय-१ आणि क्राय-२ दोन्ही गायब, दुसऱ्यांत लिव्हरमधलं बीमॅल नाही, तिसऱ्यांत लिव्हरमधलेच रेव्ह-एर्ब नावाचे घड्याळाचे जीन्स नाहीत. तूपकट खाणं दिवसरात्र मिळालं की हे जाड होतात आणि आजारी पडतात. आणि त्यांनाच ठरावीक तासांत खायला दिलं तर? नाही झाले जाड! घड्याळ नाही, तरी नाही झाले.

म्हणजे तुझ्या उंदराच्या जाडीचा मोठा भाग असा दिसतो की घड्याळ बिघडल्यामुळे "आता पुरे, झोप" हे सांगणारा कोणी उरत नाही, तो चोवीस तास चरतो, आणि चरण्याने जाड होतो. जीन दोषी आहेच पण तो खाण्याच्या वेळेमार्फत काम करतो. शुगरचं तसं नाही, तिथे जीन पेशीच्या आत बसून थेट नडतो. मॅडमना हे दोन वेगळे करून सांग, एकाच स्लाइडवर नको.

@रात्रपाळीवाला, माणसांवरचं एक काम सांगतो, २००९ चंच, बोस्टनमध्ये फ्रँक शीर यांनी केलेलं. दहा जणांना लॅबमध्ये ठेवून त्यांना २८ तासांचा दिवस दिला, म्हणजे जेवण आणि झोप हळूहळू सरकत आतल्या घड्याळाच्या बरोब्बर उलट जाते, तुमच्या शिफ्टसारखी. उलट्या वेळी तेच जेवण जेवल्यावर शुगर जास्त वर गेली. आणि माणसांत इन्सुलिनही वाढलं होतं, या उंदरासारखं कमी नव्हतं. त्यामुळे उंदराचं सगळंच्या सगळं माणसाला लावू नका. वहिनींचा मुद्दा अगदीच हवेत नाही एवढंच म्हणेन, तुमचा बसून कामाचा पण नाही. बारा किलोचा हिशोब उंदरावरून मांडता येणार नाही, शुगर तपासून घेतली नसेल तर मात्र घ्या.

---

शंकेखोर

सगळे टाळ्या वाजवतायत म्हणून जरा मिठाचा खडा. हे म्युटंट सी५७ब्लॅक-६ जातीच्या उंदरांत आहेत. ही जात मुळातच तूपकट खाण्यावर पटकन सुटते, आणि तिच्यात मेलाटोनिन जवळजवळ बनतच नाही, ते बनवणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्ये आधीपासूनच बिघाड आहे. म्हणजे रात्रीचं हार्मोन नसलेल्या प्राण्यावर आपण घड्याळाचा अभ्यास करतोय. जपानमध्ये हेच क्लॉक म्युटेशन आयसीआर नावाच्या दुसऱ्या जातीच्या उंदरांत नेलं तर २००६ च्या पेपरात उलटंच, हाय फॅट देऊनसुद्धा म्युटंट साध्या उंदरांपेक्षा कमी सुटले, कारण आतड्यातून चरबी शोषणंच कमी झालं होतं. तर "क्लॉक बिघडला की जाडी" असं सरसकट विधान सेमिनारला करू नका, कोणीतरी हात वर करेल. मी असतो तर केला असता.

---

निवृत्त_बायोकेमिस्ट

@शंकेखोर अनुमोदन. जात बदलली की जाडी बदलते हे खरंच आहे आणि पिंजरावाल्यांच्या मुद्द्याशी त्याचं भांडण नाही. घड्याळ आतड्यातही आहे, तिथे कोणता एन्झाइम किती वाजता किती, हे पण तेच ठरवतं. मुली, ही जपानवाली गोष्ट शेवटी लपवू नकोस, २००५ च्या निकालानंतर लगेच सांग. आपण होऊन सांगितलं की परीक्षकाच्या प्रश्नातली हवा जाते.

---

गोट्या०७

म्हणजे आमच्या घरातल्या उंदरांची जात वेगळी आहे. मी म्हटलंच होतं.

---

झूवाली_पोरगी

अपडेट द्यायला आले. सेमिनार झाला!! अ‍ॅक्टोग्राम फळ्यावर हाताने काढला, मुंग्या सांडल्यासारखे ठिपके काढताना खडू तुटला. लिव्हरवाला आणि स्वादुपिंडवाला उंदीर शेजारी शेजारी ठेवला तेव्हा मागचे पण गप्प झाले. जपानचं आधीच सांगितल्यामुळे जातीवर कोणी विचारलंच नाही. मॅडमनी शेवटी भलताच प्रश्न काढला, की अंधारातल्या उंदरांना खायला कोण घालणार, कोणी रोज ठरल्या वेळी आत गेलं तर उंदरांना वेळ कळणार नाही का? मी म्हटलं मॅडम रोज वेगळ्या वेळी जायचं आणि लाल दिवा लावायचा, ट्यूबलाइट नाही. त्या म्हणाल्या हे कुठल्या पेपरात आहे? मी म्हटलं, पिंजरा नंबर चौदा.